पाणाड्या, नारळ आणि नाशिकचा कातळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूगर्भशास्त्र शिकलो आणि नाशिक जिल्ह्यात विहिरी-बोअरच्या जागा पाहून देतो. फेब्रुवारी लागला की फोनवर दुसरा विषय नसतो. सिन्नर, येवला, चांदवड, नांदगाव, कुठूनही फोन आला तरी प्रश्न तेच, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. प्रश्नांचे शब्द विचारणाऱ्यांचे, उत्तरं माझी.

१. पाणाड्या पाणी बघतो म्हणजे नक्की काय करतो?

साधनं चार-पाच प्रकारची असतात. कडुनिंबाची किंवा उंबराची इंग्रजी वाय आकाराची बेचकी, काटकोनात वाकवलेल्या दोन तांब्या-पितळेच्या तारा, दोऱ्याला बांधलेला लोलक (किल्ली, अंगठी, काहीही चालतं) आणि आपल्याकडचा खास नारळ. हे घेऊन तो शेतात फिरतो. काडी खाली ओढली गेली, तारा एकमेकींना छेदल्या किंवा नारळ तळहातावर उभा राहिला, की तिथे खुंटी ठोकायची. काहीजण खोलीही सांगतात: ‘सात परसावर लाग आहे.’ (परस हे विहिरीच्या खोलीचं माप, प्रश्न ६ पाहा.)

प्रकार फक्त आपला नाही. जर्मनीतले खाणकामगार बेचकी घेऊन धातू शोधायचे, त्याचं वर्णन अ‍ॅग्रिकोलाने १५५६ मध्ये छापलेल्या खाणविद्येच्या ग्रंथात आहे. त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता, हेही त्याने तिथेच लिहून ठेवलंय.

२. काडी आपोआप फिरते का? की तो सरळ फसवतो?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. काडी हातानेच फिरते, पण हात हलतोय हे धरणाऱ्यालाच कळत नाही. बेचकीची दोन टोकं ताणून धरली की तिच्यात जोर साठतो. मनगट केसभर वळलं तरी टोक झपकन खाली जातं. तारांचंही तसंच. त्या सपाट धरलेल्या असतात, मूठ किंचित कलली की घरंगळल्यासारख्या आत वळतात.

मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात, हे जुनं निरीक्षण आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३३ मध्ये लोलकावर स्वतःच प्रयोग करून ते मांडलं. डोळे झाकले की त्याचा लोलक थंडावत गेला. १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर या इंग्रज वैद्यकतज्ज्ञाने या हालचालीला शास्त्रीय नाव दिलं. घरी करून बघा. दोऱ्याला अंगठी बांधा, कोपर टेबलावर टेका आणि ‘गोल फिर’ असं नुसतं मनात म्हणा. मिनिटभरात फिरायला लागते, आणि तुम्ही शपथेवर सांगाल की मी हलवली नाही.

म्हणून ओळखीच्या पाणाड्याला लबाड म्हणायच्या आधी थांबा. बहुतेकांचा स्वतःच्या काडीवर मनापासून विश्वास असतो. लबाड वेगळे असतात, त्यांच्यासाठी प्रश्न १० पाहा.

३. पण नारळ उभा राहिलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. त्याचं काय?

मीही पाहिलाय. शेंडी बोटांकडे ठेवून आडवा धरलेला नारळ ही मुळात डळमळीत वस्तू आहे. बुड गोल, आत पाणी हलतंय, खाली तळहाताची वाटी. बोटं जराशी उचलली गेली की तो उभा राहायला बघतो. त्यात ऊन, अनवाणी पाय, मागे पंधरा माणसं श्वास रोखून.

पडताळा सोपा आहे. नारळ हातावर न ठेवता पाटावर ठेवा आणि पाट धरून तीच जागा ओलांडा. नारळ तोच, खालचं पाणीही तेच, मध्ये फक्त तळहात नाही.

४. मग आमच्या गावच्या पाणाड्याची दहातली आठ बोअर कशी लागतात?

सगळ्यात चांगला प्रश्न हाच. याची तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही एकदम खरी आहेत.

पहिलं, खडक. अख्खा नाशिक जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर बसलाय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट कातळ, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला मांजऱ्या खडक, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल गेरू. वरच्या तोंडाला झिजून झालेला मुरूम. पाणी मुरमात, मांजऱ्यात, कातळाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात साठतं. सखल भागात मुरमाची जाडी बरी असेल तर बऱ्याच ठिकाणी खणलं की थोडंफार पाणी लागतंच. समजा तुमच्या शिवारात कुठेही दहा बोअर मारली तर सात ‘लागतात’. मग डोळे मिटून खुंटी ठोकणाराही दहात सात मिळवणार. पाणाड्याचं कसब तपासायचं तर त्याचे आठ आंधळ्या खुंटीच्या सातांशी ताडून बघायला हवेत, शून्याशी नाही.

दुसरं, त्याची नजर. सिन्नर तालुक्यात एका म्हाताऱ्या पाणाड्यामागे मी सकाळभर फिरलो होतो. नारळ बाहेर काढायच्या आधी त्यांनी चहा घेतला आणि चहा घेता घेता शेजारच्या विहिरीची खोली विचारली, ती कोणत्या महिन्यात तळाला जाते ते विचारलं, ओढा कुठून येतो ते पाहिलं. बांधावर एक उंबर होता. त्याच्याकडे त्यांनी मान वळवून दोनदा बघितलं. मग चप्पल काढली, नारळ घेतला, आणि नारळ उभा राहिला तो ओढ्याच्या काठच्या सखल तुकड्यात, उंबरापासून तीस-चाळीस पावलांवर. मी निवडली असती तर जवळपास तीच जागा निवडली असती. ‘आबा, तुम्ही आधीच ठरवलं होतं ना?’ असं विचारलं तर ते खरोखर दुखावले. त्यांच्या हिशेबी जागा नारळाने दाखवली. माझ्या हिशेबी जागा त्यांच्या चाळीस पावसाळ्यांनी दाखवली, नारळाने फक्त मान डोलावली.

तिसरं, मोजदाद. लागलेल्या बोअरवर गावजेवण होतं. फेल गेलेल्या बोअरवर दगड ठेवला जातो आणि दोन वर्षांनी ती कोणाला आठवत नाही. शिवाय ‘लागलं’ म्हणजे काय? फुगे येत वाहणारं अर्धा इंच पाणीही लागलं, आणि मे महिन्यात एकरभर द्राक्षबाग जगवणारं पाणीही लागलंच. (हा फरक प्रश्न १५ मध्ये.)

५. जमिनीखाली पाण्याच्या नसा असतात, नद्या वाहतात, हे खरं का?

नस हा शब्द बोलायला ठीक आहे. भेग लांबवर गेलेली असते आणि ड्रिल तिला लागली की धार येते, तेव्हा माणसाला नसच आठवणार. पण खळखळ वाहणारी नदी आपल्या कातळात नाही. तशा पोकळ्या चुनखडीच्या प्रदेशात असतात. आपल्याकडे पाणी स्पंजासारखं बसलेलं आहे, आणि स्पंजही फार कडक.

किती बसतं ते बघा. झिजलेल्या बेसॉल्टमधून काढता येणारं पाणी त्याच्या घनफळाच्या साधारण २ टक्के धरतात. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्याखाली १ मीटर जाडीचा ओला थर असेल तर त्यातून हाती येतं सुमारे ८० हजार लिटर. दहा हजारी टँकर आठ. पाणी ‘आहे का’ यापेक्षा ‘किती’ हा प्रश्न मी का लावून धरतो, ते या आकड्यात आहे.

६. उंबराजवळ, वारुळाजवळ पाणी असतं हे तरी खरं का?

यात बराच दम आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचं आख्खं प्रकरण भूजलावर आहे, सहाव्या शतकातलं. जांभळीच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर तिच्या दक्षिण बाजूला दोन पुरुष खोलीवर गोडं पाणी, अशी त्यातली वचनं आहेत. पुरुष म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची. आपण विहीर मोजतो तो परस त्याच शब्दातून आलाय.

उंबर, जांभूळ, अर्जुन, करंज, शिंदी ही झाडं ऐन उन्हाळ्यात हिरवीगार असतील आणि कोणी पाणी घालत नसेल, तर मुळांना ओल सापडलेली आहे. लव्हाळा दिसला तर ओल अगदी वर आहे. वाळवीलाही वारूळ ओलसर ठेवावं लागतं. पण झाड ओल दाखवतं, साठा दाखवत नाही. उंबराची मुळं जेवढ्या पाण्यात खूश असतात तेवढ्यात पाच एचपीची मोटार दहा मिनिटं चालणार नाही. आणि ‘तीन हात दक्षिणेला’ इतकी नेमकी मापं तुमच्या शिवारात जशीच्या तशी लावू नका. तो अनुभव वेगळ्या भूमीवरचा आहे.

७. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी दिसतं म्हणतात. आमच्या घरात एक आहे.

जपा त्याला, पण बोअरच्या खुंटीसाठी नको. पायाकडून जन्मणारी बाळं पूर्ण दिवसांच्या बाळंतपणात शंभरात तीन-चार असतात, म्हणजे जुन्या काळी हजार वस्तीच्या गावात तीसेक पायाळू सहज सापडायचे. एवढे डोळे असून गावं टँकरवर गेली नसती. आता अशी बाळं बहुतेक सिझेरियनने होतात, त्यामुळे ती पायाळू धरायची की नाही यावर एका लग्नात चाललेला वाद मी ऐकलाय. निकाल लागला नाही.

८. जर्मनीत हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, असा व्हिडिओ फिरतोय.

दोन गोष्टी एकत्र फिरताहेत. एक म्हणजे म्युनिकजवळच्या धान्यकोठाराचा प्रयोग, १९८७-८८ चा. सुमारे ५०० पाणाड्यांतून ४३ निवडले. कोठाराच्या तळमजल्यावर गाड्यावर बसवलेला पाण्याचा पाइप दर वेळी वेगळ्या जागी सरकवायचा आणि वरच्या मजल्यावर फिरणाऱ्याने त्याची जागा सांगायची. अशा ८४३ चाचण्या झाल्या. बहुतेकांना काहीच जमलं नाही, पण मोजक्यांना जमलं असं प्रयोग करणाऱ्यांनी जाहीर केलं. पुढे १९९९ मध्ये जिम एनराइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. एका फेरीत चमकलेला पाणाड्या दुसऱ्या फेरीत चमकत नव्हता. इतक्या लोकांनी इतक्या वेळा अंदाज बांधले की काहींचे जुळणारच, तेवढेच जुळले होते.

दुसरी गोष्ट श्रीलंकेतली. जर्मन मदतीच्या प्रकल्पात एका पाणाड्याच्या मदतीने ६९१ बोअर घेतली आणि ९६ टक्के लागली, असा लेख १९९५ मध्ये आला. आकडा भारी आहे. पण शेजारी तेवढीच बोअर कशीही मारून किती लागतात ते कोणी पाहिलं नाही, आणि तो माणूस भूप्रदेश ओळखण्यात मुरलेला होता. म्हणजे पुन्हा प्रश्न ४.

९. पाणी वाहताना वीज-चुंबक तयार होतं, ते शरीराला जाणवत असेल ना?

अर्धं खरं आहे. खडकातून पाणी झिरपताना काही मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि तो मोजायचीही पद्धत आहे, पण जमिनीत खास इलेक्ट्रोड पुरून. शेतातल्या मोटारीच्या केबलचा गोंधळ त्याहून कितीतरी मोठा असतो. शरीराला तो मिलिव्होल्ट कळत असेल तर पाणाड्या डीपीजवळून चालताना उडालाच पाहिजे.

१०. ‘पाणी लागलं तरच पैसे द्या’ म्हणतो. मग त्याच्यावर विश्वास ठेवायला काय हरकत?

हिशेब करा. दहा शेतकऱ्यांपैकी सातांना तसंही लागणार असेल तर तो सातांकडून पैसे घेतो आणि तिघांना हात जोडतो. त्याचं काहीच जात नाही. बोअरची गाडी, केसिंग, डिझेल हा खर्च तुमचा, आणि धोकाही सगळा तुमचाच.

दुसरा प्रकार जास्त वाईट. अँटेनासारखा दांडा असलेला प्लास्टिकचा डबा घेऊन येतात, ‘परदेशी मशीन’ म्हणतात, फी दणदणीत. आत तीच तार असते, फक्त मूठ महाग. जमिनीत एकही खुंटी न रोवता पाणी दाखवणारं मशीन दिसलं की चहा पाजून वाटेला लावा.

११. मग खरं मशीन कोणतं? ते तरी शंभर टक्के सांगतं का?

विद्युत रोधकता मोजायचं. चार इलेक्ट्रोड एका रेषेत रोवतात, बाहेरच्या दोनांतून वीज सोडतात, आतल्या दोनांत व्होल्टेज मोजतात. अंतर वाढवत नेलं की खोलवरचा अंदाज येतो. ओला मुरूम विजेला सहज वाट देतो, कोरडा कातळ अडवतो.

शंभर टक्के नाही. गेरूचा थर किंवा चिकणमाती पाण्यासारखंच वाचन देते आणि तिथे बोअर मारली की लाल चिखल येतो. म्हणून वाचनाबरोबर आजूबाजूच्या विहिरींचे थर बघावेच लागतात. उघड्या विहिरीच्या भिंतीइतकं खरं पुस्तक नाही. मी प्रत्येक गावात आधी तिथेच वाकून बघतो. या कामासाठी सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, नाशकात तिचं कार्यालय आहे, तिथेही अर्ज करता येतो.

१२. शेजाऱ्याला चाळीस फुटांवर पाणी, मला नुसता धुराळा. पाणाड्याने त्यालाच बरोबर कसं सांगितलं?

भेगेचा खेळ. त्याची बोअर भेगेतून गेली, तुमची कातळातून. जिल्ह्यात, विशेषतः बागलाणच्या बाजूला, उभ्या भिंतीसारखे घुसलेले खडक आहेत, त्यांना डाइक म्हणतात. भूजल उतारावरून येतं आणि घट्ट डाइकला अडतं. वरच्या अंगाला बोअर भरलेली, खालच्या अंगाला कोरडी, अंतर पन्नास पावलं. बाहेरून चमत्कारच वाटतो.

१३. इगतपुरी, सुरगाण्याला एवढा पाऊस, मग उन्हाळ्यात हंडे का?

इगतपुरीला वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पडतो. पण उतार तीव्र, मुरमाचा थर पातळ, खाली कातळ. पाणी मुरायच्या आत वाहून जातं. तिथे पाणाड्याच्या काडीपेक्षा डोंगराच्या पोटातला झरा शोधून त्याला कुंड बांधणं जास्त उपयोगी पडतं. बाकी विषय मोठा आहे, इथे नको.

१४. पाणी नाही लागलं तर अजून खोल जायचं का? आणि कायदा काय म्हणतो?

गाडीवाला फुटावर पैसे घेतो, त्यामुळे त्याचा सल्ला नेहमी ‘अजून शंभर’ असाच असणार. बेसॉल्टमध्ये खोल गेल्यावर भेगा दाबाने मिटत जातात. दोन थरांचे सांधे खालीही सापडतात, पण त्यांना पाणी पुरवणारा पाऊस वरूनच यावा लागतो.

कायद्याचं थोडक्यात. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरचं अंतर १९९३ च्या कायद्यापासून आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रांत शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. तुमचं गाव अधिसूचित आहे का, ते बोअरच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल फार विचारणा होते: जलस्रोत शोधायच्या नावाखाली अमानुष, अघोरी प्रकार करणं त्यात गुन्हा आहे. नारळ घेऊन शेतात फिरणं हा तसा प्रकार नव्हे.

१५. मारताना अडीच इंच पाणी होतं, दोन महिन्यांत आटली. पाणाड्या चुकला की आम्ही?

दोघंही नाही, माप चुकलं. कॉम्प्रेसरच्या हवेने उसळलेलं पाणी हा भेगांत साठलेल्या पाण्याचा पहिला लोंढा असतो. मोटार टाकून सलग काही तास चालवा आणि दोनशे लिटरचा ड्रम किती सेकंदात भरतो ते दर अर्ध्या तासाने लिहा. आकडा स्थिर झाला तोच खरा. हे एकदा दिवाळीत आणि एकदा एप्रिलमध्ये करा. ज्या पाणाड्याला आजमावायचंय त्याला विचारा, ‘एप्रिलात ड्रम किती सेकंदात?’ मला आजवर एकानेही आकडा सांगितलेला नाही.

१६. एखाद्या पाणाड्याची परीक्षा घ्यायची तर कशी घ्यावी?

त्याला न दुखावता. शेतात तो खुंट्या ठोकेल, त्या जागा गुपचूप टिपून घ्या आणि खुंट्या काढा. मग डोळ्यांवर गमछा बांधून, दुसऱ्या बाजूने, त्याला पुन्हा फिरवा. पाणी तिथेच आहे, खुंट्याही तिथेच यायला हव्यात. आजवर तिघांनी माझ्यासमोर हे मान्य केलं. एकाच्याही दुसऱ्या खुंट्या पहिल्यांजवळ आल्या नाहीत. तिघांचा हा पुरावा नव्हे, पण तुम्हीही करून बघू शकता आणि खर्च शून्य.

१७. हे सगळं पटलं, पण घरचे मोठे ऐकत नाहीत. काय करू?

भांडू नका. घरच्या आबांना पाणाड्या बोलावू द्या, नारळ होऊ द्या. आधी मशीनने आणि विहिरी पाहून दोन-तीन जागा ठरवा आणि पाणाड्याला फक्त त्या जागांमध्ये फिरवा. नारळ कुठे ना कुठे उभा राहीलच, आणि आबांचा मानही राहील. हे मला एका द्राक्षवाल्या काकांनी शिकवलं, कॉलेजात नाही.

१८. तुमच्या स्वतःच्या शेतात काय केलंत?

विचारलंच नसतं तर बरं होतं. वडिलांनी पाणाड्या आणला, मी मशीन आणलं. दोन्ही खुंट्यांमध्ये वीसेक फूट अंतर. मान म्हणून त्यांची बोअर आधी मारली. २८० फुटांपर्यंत काळी भुकटी. मग माझी. १४० फुटांवर गेरू आला, थोडं पाणी आलं, मार्चमध्ये गेलं. वडील महिनाभर काही बोलले नाहीत, जेवताना फक्त ‘मशीनला आमटी वाढा’ म्हणायचे. शेवटी जुन्या विहिरीवर यारी (गाळ-दगड वर ओढणारी क्रेन) लावून ती दीड परस खाली नेली आणि तळात दोन आडवी बोअर घेतली. सध्या एप्रिलमध्ये ड्रम ९० सेकंदात भरतो, दिवसातून पाऊण तास. तेवढ्यावर कांदा होतो, द्राक्ष नाही.